मामाची पिवळी

सेल्समनने पदर खांद्यावर टाकला, निऱ्या पट्ट्यात खोचल्या आणि आरशापुढे वळून उभा राहिला. चाळिशीचा, मिशीवाला, शर्टाच्या खिशाला पेन अडकवलेला माणूस. पण राणी रंगाची साडी त्याच्या अंगावर अशी चापूनचोपून बसली की समोरच्या गादीवरच्या अकरा बायका एकदम गप्प झाल्या. "काकू, पदर बघा. पदरात मोर, काठात कोयरी," असं म्हणत त्याने कंबर किंचित तिरकी केली. माझी भाची खुदकन हसली. तिच्या होणाऱ्या सासूबाई हसल्या नाहीत. त्या साडी बघत होत्या.

सकाळचे साडेअकरा झाले होते आणि तोवर बासष्ट साड्या उलगडून झाल्या होत्या. मी मोजत होतो, कारण बस्त्यात पुरुषाला दुसरं काम नसतं. पाणी मागवायचं, कुणाची चप्पल कुठे गेली ते बघायचं आणि शेवटी काउंटरपाशी उभं राहायचं.

बस्ता हा शब्द फारसी. बांधलेलं गाठोडं असा त्याचा अर्थ, म्हणून बस्ता कुणी 'घेत' नाही, 'बांधतात'. शहरात त्याला लग्नाची खरेदी म्हणतात आणि ती चार शनिवार-रविवार रेंगाळते. आमच्या नगर जिल्ह्यात (आता अहिल्यानगर म्हणायचं, पण जिभेला वळण लागायला वेळ लागेल) बस्ता एका दिवसात बांधून होतो. साखरपुडा झाला की त्याचा दिवस ठरतो. अमावास्या टाळतात, कुणी कॅलेंडर उलटून बघतं, कुणी गुरुजींना फोन लावतं. दिवाळी सरली, तुळशीचं लग्न लागलं की तालुक्याच्या गावातल्या कापडदुकानांसमोर जीपगाड्यांची रांग लागते. मुलीकडच्या दोन, मुलाकडच्या तीन. आमच्याही तशाच होत्या.

दुकान तीन मजली. बाहेर 'बस्त्यासाठी स्वतंत्र दालन' अशी पाटी. आत गाद्या, त्यांवर पांढऱ्या चादरी, टेकायला लोड. आल्या आल्या चहा, तासाभराने सरबत, दुपारी वरच्या मजल्यावर पंगत: पुरी-भाजी, मसालेभात, जिलबी, मठ्ठा. फुकट. फुकट म्हणजे काय ते दुकानदाराला बरोबर ठाऊक असतं. ज्याची जिलबी खाल्ली त्याच्या गादीवरून उठून समोरच्या दुकानात जायला आपल्या माणसाचा पाय उचलत नाही.

ताईच्या, म्हणजे नवरीच्या आईच्या, पर्समध्ये वहीचं एक पान चार घड्या घालून ठेवलेलं होतं. ती यादी. विहीणबाई एक. आजेचीर दोन, म्हणजे दोन्हीकडच्या आज्यांच्या मानाच्या साड्या. जावा, नणंदा, आत्या, मावश्या, करवल्या. त्याखाली 'देण्या-घेण्याच्या ४०' असा एकगठ्ठा आकडा. पुरुषांसाठी टॉवेल-टोप्या, फेटे आणि नवरीच्या भावाला कानपिळीचा कपडा. यादीत किमतीची रेंज पेन्सिलीने लिहिलेली, म्हणजे गादीवर बसल्यावर खोडून वाढवता यावी. साडी मानाची की देण्याची, हे सेल्समनला सांगावं लागत नाही. "कशातल्या दाखवू?" एवढंच तो विचारतो आणि उत्तरावरून हात कुठल्या फळीला घालायचा ते ठरवतो.

या यादीत नवरी फार खाली कुठेतरी असते. खोटं वाटेल, पण त्या दिवशी दुपारच्या जेवणापर्यंत नवरीची एकही साडी निघाली नव्हती. साडेतीन तास मुलाच्या दोन आत्यांना सारख्या किमतीच्या, पण सारख्या न दिसणाऱ्या साड्या शोधण्यात गेले. धाकटीने थोरलीच्या साडीचा काठ अंगठा आणि बोटाच्या चिमटीत धरून चोळला, सोडून दिला आणि म्हणाली, "छान आहे हो. मला काय, कसलीही चालेल." हे वाक्य ऐकल्याबरोबर ताईचा चेहरा उतरला. सेल्समनचाही. दोघांना कळलं की आता आणखी वीस साड्या उलगडायच्या.

जोतीराव फुल्यांच्या सत्यशोधक समाजाने २५ डिसेंबर १८७३ रोजी पहिला विवाह लावला तो पानसुपारीच्या खर्चात. आमच्या जिल्ह्यातही त्या पद्धतीने लग्नं लागली आहेत, माझ्या माहितीत दोन आहेत. त्या दोन्ही घरांतल्या पुढच्या पिढीचा बस्ता याच दुकानात बांधला गेला. मी बोट दाखवत नाही. माझ्या भाचीच्या बस्त्यात मीही टोपी घालून घेतलीच.

जेवणानंतर नवरीचा शालू.

शालू मुलाकडचा. म्हणजे पैसे त्यांचे आणि रीतीप्रमाणे पसंतीही त्यांची. माझी आई आता ब्याऐंशी वर्षांची आहे. तिला विचारलं, तुझा शालू कुणी निवडला? "कुणास ठाऊक. मला तो मांडवातच दिसला," ती म्हणाली. निवडला तो तिच्या सासऱ्यांनी. नाशिकला दुसऱ्याच कामासाठी गेले होते, येताना घेऊन आले. हिरवा, बनारसी, जड जरीचा. पुढे तो शालू कुठे गेला, हेही तिने सांगितलं. जर खरी चांदीची होती. गावात जुन्या जरीचे कपडे तोलून घेणारा माणूस यायचा, त्याला दिला. तो जर जाळून चांदी काढायचा. आलेल्या पैशांत विहिरीची मोटर दुरुस्त झाली. हे सांगताना तिच्या आवाजात हळहळ नव्हती. झालाच तर थोडा अभिमान होता, की तोलताना तिने त्याला फसवू दिलं नाही.

भाची बंगळूरला नोकरी करते. ती मोबाइलमध्ये अकरा फोटो साठवून आली होती आणि तिला शालू नकोच होता. तिला पैठणी हवी होती, तीही हातमागाची. तिचं म्हणणं, बनारसी शालू लग्नाच्या दिवशी अंगावर चढतो आणि मग कपाटात जातो. पैठणी दिवाळीला, डोहाळजेवणाला, मैत्रिणीच्या लग्नाला नेसता येते. विहीणबाईंचं म्हणणं, लग्नात सून दुरून दिसली पाहिजे. दोघींचंही खरं होतं. लग्नाची साडी तीन तासांसाठी घ्यायची की तीस वर्षांसाठी, हा प्रश्न त्या गादीवर कुणी इतक्या स्वच्छ शब्दांत मांडला नाही, पण भांडण त्याचंच होतं.

मधल्या मध्ये रंगांचा गोंधळ. सेल्समन म्हणे वाइन, आत्याबाई म्हणत आमसुली, साडी तीच. तो म्हणे पीच, त्या म्हणत अबोली. तो ऑनियन म्हणाला तेव्हा आईने विचारलं, "पातीचा की सालीचा?" मराठीत साडीच्या रंगांना फार देखणी नावं आहेत: मोरपंखी, डाळिंबी, कुसुंबी, चिंतामणी, राघू, वांगी. काळ्या साडीला लाल काठ असला की ती चंद्रकळा. लग्नात काळं वर्ज्य, पण पहिल्या संक्रांतीला नव्या नवरीला तीच नेसवायची आणि वर हलव्याचे दागिने घालायचे, म्हणून बस्त्यात एक चंद्रकळाही निघते. आमच्या बस्त्यातली सर्वांत सुंदर साडी तीच होती आणि तिच्यावरून कुणीही भांडलं नाही.

एक गोष्ट मात्र सगळ्या बायकांना न सांगता ठाऊक होती. साडी आवडली की ती घेऊन त्या दुकानाच्या दारात जात, उन्हात धरत आणि परत येत. ट्यूबलाइटखाली लाल दिसलेली साडी बाहेर विटकरी निघते. दोन साड्या अशा दारातूनच बाद झाल्या.

"पैठणीच हवीय ना ताई? मग आधी सांगायचं!" सेल्समनने एक गठ्ठा समोर आदळला. मोर, पोपट, कमळ, नारळी काठ, सगळं होतं. किंमत बावीसशे. विहीणबाई खूश झाल्या. तेवढ्यात माझी आई, जी तोवर लोडाला टेकून जपमाळ ओढल्यासारखी साडीचे काठ ओढत होती, पुढे सरकली. तिने वरची साडी घेतली आणि उलटी केली. पदराच्या मागच्या बाजूने कापलेल्या धाग्यांची लव होती, बोट फिरवलं की खरखर लागणारी.

"हे मशीनचं."

"आजी, सेमी आहे. पण नेसल्यावर कुणाला कळणार?"

"मला कळलं ना."

त्यावर दुकानात कुणाकडेच उत्तर नव्हतं. विहीणबाईंनी साडी पुन्हा एकदा उलटसुलट बघितली, घडी घातली आणि म्हणाल्या, "येवल्याला जाऊन बघू. पण रंग मी सांगेन."

उठता उठता ताईच्या लक्षात आलं. "अरे, मामाची पिवळी राहिली!"

हळदीच्या रंगाची ही साडी नवरीला मामाने द्यायची. ती नेसून नवरी गौरीहरापाशी बसते आणि मामा तिला तिथून बोहल्यावर आणतो. आमच्याकडे मंगलाष्टका, होम, सप्तपदी, सगळं पिवळीवरच होतं. शालू त्यानंतर. म्हणजे ज्या साडीवरून दुपारपासून घरं फुटायची वेळ आली होती ती नेसायच्या आधी मुलीचं लग्न लागून गेलेलं असतं. तरीही पिवळीला गादीवर मान नाही. सेल्समनने काउंटरखालून तीन काढल्या, मी मधली उचलली, साडेसहाशे रुपये दिले. पाच मिनिटं. "प्युअर कॉटन आहे, साहेब," असं म्हणून त्याने ती एका वेगळ्या पिशवीत घालून दिली. नारळ आणि खणासहित.

पुढच्या गुरुवारी आम्ही येवल्याला गेलो. कोपरगावाहून नगर-मनमाड रस्त्याने जवळच. या वेळी एकच गाडी: भाची, ताई, विहीणबाई, आई आणि चालवायला मी. आत्यांना कळवलं नव्हतं.

येवल्यात शिरल्यापासून दोन्ही बाजूंना पैठणीच्या पाट्या. पैठणीला नाव पैठणचं, पण आज पेठ येवल्याची आहे. रघुजीबाबा शिंद्यांनी विणकर आणून इथे वसवले, असं गावात सांगतात. २०१० मध्ये पैठणीला भौगोलिक मानांकन मिळालं. पण येवल्याची खरी भरभराट कशाने झाली असं एका दुकानदाराला विचारलं तर त्याने मानांकनाचं नाव घेतलं नाही. "होम मिनिस्टर," तो म्हणाला. २००४ मध्ये टीव्हीवर सुरू झालेल्या त्या कार्यक्रमात आदेश बांदेकर घरोघरी जाऊन जिंकलेल्या वहिनींना पैठणी द्यायचे. "तोपर्यंत पैठणी श्रीमंताघरची होती. मग प्रत्येक बाईला वाटायला लागलं, एक आपली असावी." त्याच मागणीने यंत्रमागाची बावीसशेवाली पैठणीही जन्माला घातली, हे त्याने सांगितलं नाही, पण त्याच्याच दुकानात पुढच्या फळीवर ती रचलेली होती.

तात्या टोप्यांचं जन्मगाव हेच. आणि १३ ऑक्टोबर १९३५ रोजी 'हिंदू म्हणून जन्मलो तरी हिंदू म्हणून मरणार नाही' ही डॉ. आंबेडकरांची घोषणा झाली तीही इथेच. भाचीने त्या घोषणेच्या स्मारकापाशी, मुक्तिभूमीपाशी, गाडी थांबवायला लावली. विहीणबाई गाडीतच बसल्या. दहा मिनिटांनी आम्ही परत आलो तेव्हा त्यांनी काही विचारलं नाही, आम्ही काही सांगितलं नाही.

दुकानदाराच्या ओळखीने एका विणकराच्या घरी गेलो. पुढच्या खोलीत जमिनीत खड्डा, खड्ड्यात पाय सोडून विणकर बसलेला, समोर माग. खाली पायांनी पावड्या दाबायच्या, वर हातांनी विणायचं. अंगाची साडी विणताना धोटा सरसर इकडून तिकडे जातो, ते बघायला मजा येते. पदराला आलं की सगळं थांबल्यासारखं होतं. मोराच्या गळ्याचा निळा, पंखाचा हिरवा, चोचीचा लाल, भोवतीची जर, प्रत्येक रंगाची वेगळी छोटी कांडी असते. तिला तिल्ली म्हणतात. विणकर बोटांनी उभे धागे मोजतो, चार उचलतो, त्यांतून निळी तिल्ली घालतो, जिथे निळा संपतो तिथे तिचा धागा शेजारच्या हिरव्या धाग्यात अडकवून परत फिरवतो. मग हिरवी. मग जर. अशी एक ओळ पुरी झाली की फणी ठोकायची. माझ्यासमोर त्याने चार ओळी विणल्या. मी चहा संपवला. मोराची मान तेवढीच होती.

"दिवसाला किती होतं?"

"नक्षी भरगच्च असेल तर पदर इंच-दीड इंच. डोळे चालतील तसं."

रेशीम बंगळूरकडून येतं, जर सुरतेहून. जर म्हणजे पूर्वी चांदीच्या तारेवर सोन्याचं पाणी. आता बहुतेक तांब्याच्या तारेची असते आणि तसं सांगूनच विकतात. साधा काठ आणि लहान पदर असेल तर साडी महिनाभरात उतरते, मोठ्या नक्षीला सहा महिनेही लागतात, आणि एक साडी संपली की पुढच्या ताण्याचा प्रत्येक धागा मागच्या धाग्याला पीळ देऊन हाताने जोडायचा. ते काम घरातल्या बायकांकडे. विणकराची बायको बोलता बोलता तेच करत होती, नजर वर न उचलता.

आईने इथेही पदर उलटा केला. मागची बाजू पुढच्यासारखीच. मोर उजवीकडे बघत होता तो डावीकडे बघायला लागला, एवढाच फरक. हातमागाच्या पदराची ही साधी खूण. तिल्लीचा धागा आपला रंग संपला की तिथूनच मागे फिरतो, मागच्या बाजूने लांब धागे लोंबत जात नाहीत, म्हणून कापावं लागत नाही आणि लव येत नाही. दुकानात यासाठी भिंग लागत नाही, अंगठा पुरतो. रेशमाची खात्री करायची तर केंद्रीय रेशीम मंडळाने २००४ मध्ये आणलेली सिल्क मार्कची चिठ्ठी असते. आणि ज्यांचा चिठ्ठीवर विश्वास नाही त्यांच्यासाठी दुकानदार काठातला एक धागा ओढून जाळून दाखवतो. रेशीम जळालं की केस जळाल्याचा वास येतो आणि राख बोटांत चुरते.

रंगाचं बोलणं सुरू झालं. विहीणबाईंना लाल. भाचीला वांगी. विणकराने तिसराच मुद्दा काढला. एकधोटी साडीत ताणा एका रंगाचा, बाणा दुसऱ्या रंगाचा, म्हणून ती हलली की रंग बदलते. लाल आणि जांभळा घेतला तर दोघींचं होईल. त्याने तशी एक उलगडली. खिडकीकडे धरली तर जांभळी, सावलीत कुसुंबी. विहीणबाईंनी ती हातावर घेऊन दोन-तीनदा वळवून बघितली. पहिल्यांदाच त्या हसल्या.

काठात मुनिया, म्हणजे लहान हिरवे पोपट. पदरात आसावली, म्हणजे फुलावेलींची नक्षी. बांगडी मोर भाचीच्या मनात होता, पण तो पदर लाखाच्या आसपास चालला होता. या साडीचे अठ्ठावीस हजार. विहीणबाईंनी पंधरा ठरवून आणले होते. क्षणभर कुणीच बोललं नाही. मग भाची त्यांच्या कानाशी वाकली, काहीतरी म्हणाली, मोबाइल काढला आणि तिथल्या कोडवर तेरा हजार टाकले. विहीणबाईंनी पर्समधून पंधरा मोजून ठेवले आणि ताईकडे न बघता म्हणाल्या, "आमच्याकडून आहे असंच सांगायचं हं सगळ्यांना."

"हो, तुमच्याकडूनच," ताई म्हणाली.

हे तालुक्याच्या दुकानात, अकरा बायकांच्या गादीवर झालं असतं तर लग्न मोडलं असतं की काय, कोण जाणे. निदान आत्या रुसल्या असत्या. शालूचे पैसे कोणी द्यायचे याची रीत शेकडो वर्षं टिकली आणि मुलीच्या पगाराने ती अशी गुपचूप, कुणाचा मान न दुखवता, मागच्या दाराने बदलत चालली आहे. गावोगावच्या बस्त्यांत हे होत असणार. बिलावर ते दिसत नाही.

परतताना गाडीत विहीणबाईंनी साडीची पिशवी मांडीवरून खाली ठेवली नाही.

मी पुण्याला घरी आलो, आई माझ्याकडेच असते. आल्यावर तिने ती वेगळी पिशवी मागितली. पिवळी बाहेर काढली, नेहमीप्रमाणे उलटी केली, चिमटीत चोळली. मग काठाचा एक धागा ओढला आणि गॅसपाशी गेली. धागा पेटला नाही, आकसला. टोकाला काळा, चकचकीत, मण्यासारखा गोळा झाला. सुती धागा कागदासारखा जळून करडी राख होते. हा वितळला होता.

"कॉटन म्हणाला होता," मी म्हणालो.

"होमाशी बसायचंय पोरीला," ती म्हणाली. "लाह्या टाकायला वाकली, ठिणगी उडाली, तर हे अंगाला चिकटेल."

त्या दुकानाला फोन केला. "पिवळी ना, साहेब? ती कुणी परत करत नाही," असं उत्तर आलं. त्याच्या बोलण्यात उद्धटपणा नव्हता, खरंच आश्चर्य होतं. एक दिवसाची, विधीपुरती साडी. ती कोण उलटी करून बघतं?

मग मी लक्ष्मी रोडवर दोन संध्याकाळी घालवल्या. पिवळ्या साड्या पुष्कळ. पिवळी पैठणी, पिवळी कांजीवरमसारखी, पिवळी शिवलेली नऊवारी मापाप्रमाणे, वर आरीकामाचा ब्लाउज आणि नवरदेवाला त्याच कापडाचा शेला. हल्ली फोटोत पिवळी ठसठशीत दिसावी लागते, म्हणून तिलाही भाव आला आहे. मला हवी होती ती अष्टपुत्री, पातळ सुती, लाल काठाची, जुन्या लग्नांच्या फोटोंत दिसते ती. एका जुन्या दुकानात मिळाली ती इतकी विरविरीत की पलीकडचा माणूस दिसावा.

आई म्हणाली, "पांढरं नऊवारी आण. मी पिवळं करते. आमच्या वेळी घरीच करायचे."

पांढरं नऊवारी मागितलं तर काउंटरवरच्या माणसाने आवाज खाली आणला. "कुणी गेलं का, साहेब?" मी म्हणालो, लग्न आहे. त्याने माझ्याकडे बघितलं आणि आणखी काही न विचारता बारीक लाल काठाचं, जाडसर सुताचं एक काढून दिलं. नऊशे रुपये. पिशवी द्यायच्या आधी त्याने त्यावर हळदीकुंकवाची दोन बोटं लावली. माझी चूक त्याने त्याच्या परीने दुरुस्त केली.

आदल्या रात्री ते पाण्यात भिजत घातलं, खळ निघायला. सकाळी मोठ्या पातेल्यात पाव किलो सांगलीची हळद उकळली, फडक्यातून गाळली. नाहीतर दाणे बसतात आणि डाग पडतात, हे आईचं शास्त्र. मग साडी आत. लाकडी उलथन्याने वरखाली करायचं काम माझ्याकडे. हळदीला सुतावर चढायला तुरटी लागत नाही, काही लागत नाही. दहा मिनिटांत पांढरं उरलं नाही. पाण्यातून काढून पिळली तेव्हा ती झेंडूपेक्षा फिकी आणि लिंबापेक्षा गडद होती. लाल काठ थोडा मातकट झाला. "उन्हात नको, उडेल," म्हणून गच्चीऐवजी मधल्या खोलीत दोरी बांधली. फरशीवर थेंब, माझ्या नखांत हळद, पातेलं कायमचं पिवळं. बायको एक शब्द बोलली नाही, फक्त पातेल्याकडे बघून गेली.

आणि तिथेच घोटाळा झाला. ज्या बादलीत मी साडी शेवटची खळबळली तिच्या तळाला कपड्यांचा साबण राहिला होता. पदराच्या एका कोपऱ्यात रुपयाएवढा तांबडा डाग उमटला. नववीच्या प्रयोगशाळेतला हळदीचा कागद मला आठवला, साबणाच्या पाण्यात लाल होणारा. आई मात्र घाबरली नाही. "चुना लागला की हळदीचं कुंकूच होतं. कुंकू करतात कसं मग?" लिंबू चोळलं तर जाईल, असं मी म्हणालो. ती म्हणाली, "आधी नेसून बघू. तो भाग आत जातो की बाहेर राहतो, ते कळेल."

नेसणार कोण? भाची बंगळूरला. बायको ऑफिसला निघालेली. आईच्या गुडघ्यांना कासोटा घालणं जमेना. तिने माझ्याकडे बघितलं.

"उभा राहा."

अडीच-तीन मिनिटांत तिने माझ्या कमरेला गाठ मारली, मागून कासोटा खोचला, पुढे ओचा काढला. बेचाळीस-पंचेचाळीस वर्षांत तिने मला एवढं घट्ट धरलं नव्हतं. पदर खांद्यावर टाकला तर डाग बरोबर समोर, छातीवर आला. मग तिने पदराचं टोक फिरवून कमरेला खोचलं आणि तो नाहीसा झाला. तेवढ्यात फोन वाजला. भाचीचा, व्हिडिओ. आईनेच उचलला आणि माझ्यासमोर धरला.

फोनमध्ये आधी काहीच आवाज आला नाही. मग बंगळूरच्या कुठल्याशा कॅन्टीनमधून खिदळणं ऐकू आलं, आणि मग ती म्हणाली, "मामा, पदर मस्त बसलाय. जरा मागून दाखवा ना."

मी वळलो.